अयाचित वायरलेस

वैजयंती हे माझं नाव कोर्टात फक्त पगारपत्रकात आहे. बाकी सगळे मला "मोठ्यानं बोला बाई" याच नावानं ओळखतात. मी लघुलेखिका. साक्षीदार बोलतो, साहेब त्याचं बोलणं वाक्यात बसवून सांगतात, मी टाइप करते आणि शेवटी जबाब वाचून दाखवते. घोडं अडतं ते या शेवटच्या कामात. माझा आवाज मुळात देवघरातला. समईची ज्योत हलू नये अशा बेतानं बोलायची लहानपणापासूनची सवय. मी जबाब वाचायला लागले की वकील पुढे झुकतात, साक्षीदार कानामागे हात धरतो आणि दारातला पट्टेवाला, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, तो ओरडतो, "मोठ्यानं बोला बाई!" त्याला त्यातून काय मिळतं, देव जाणे.

सोलापुरातलं कुठलं कोर्ट ते मी सांगणार नाही. गोंधळ सांगताना नाव घेऊ नये, हाही माझा एक नेम आहे.

तर गोष्ट सुरू झाली ती साहेब पडले त्या दिवशी. मी टाइप केलेलं साहेबांना तिथल्या तिथं दिसावं म्हणून माझ्या कॉम्प्युटरपासून त्यांच्या टेबलावरच्या पडद्यापर्यंत एक काळी जाड वायर जमिनीवरून गेलेली होती. आम्हा सगळ्यांना ती ओलांडायची सवय होती. पट्टेवाला तर पाण्याचा तांब्या घेऊन न बघता ओलांडायचा. त्या दिवशी साहेब चष्मा पुसत पुसत आत आले आणि पडले. साहेब आत आले की उभं राहायचं, हे अंगात इतकं मुरलेलं की वकील, पक्षकार, पोलीस, सगळं कोर्ट आदरानं उभं राहिलं. उचलायला कुणीच गेलं नाही.

साहेब स्वतःच उठले, खुर्चीत बसले, आणि गुडघा चोळत म्हणाले, "बाई, हल्ली सगळं वायरलेस मिळतं म्हणे. वापरणार तुम्ही, तेव्हा निवडाही तुम्हीच. खरेदीसाठी नाझरांना भेटा."

त्याच क्षणी ॲडव्होकेट उत्कर्षा उभ्या राहिल्या. वयानं लहान, पण वेळ बरोब्बर साधणाऱ्या. "साहेब, तसं होणार असेल तर समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीवरही ते दिसू द्या. माझ्या पक्षकाराला ऐकू येत नाही. पण वाचता येतं."

त्यांच्या पक्षकार म्हणजे राजाबाई. सांगोल्याकडच्या. मेंढरं राखण्यात आयुष्य गेलेलं, तापात कान गेले त्यालाही बरीच वर्षं झालेली. चौथीपर्यंतची शाळा, त्यामुळे अक्षराखाली बोट फिरवत सावकाश वाचतात. नवऱ्यामागं राहिलेली घराची जागा पुतण्यानं, ज्ञानूनं, आपल्या नावावर करून घेतली होती. त्याचं म्हणणं, काकूला दस्त वाचून दाखवला आणि तिनं होकार दिला. राजाबाईंचं म्हणणं, मला कुणी काही सांगितलंच नाही. आणि गंमत अशी की आपल्याच खटल्यात काय चाललंय ते त्यांना एकाही तारखेला कळलं नव्हतं. त्या समोर बसून गोड हसायच्या आणि मान डोलवायच्या.

हे मान डोलवणं म्हणजे त्यांची सवयच. एकदा मी व्हरांड्यात त्यांना विचारलं, "मावशी, चहा घेणार?" त्यांनी मान डोलवली. मी चहा आणून दिला. तो त्यांच्या हातात गार झाला. शेवटी त्याच म्हणाल्या, "मी च्या पीत न्हाय बाई."

साहेबांनी उत्कर्षांची मागणी मंजूर केली. पण साहेबांच्या बदलीचा हुकूम आलेला होता. महिनाअखेरीस ते जाणार आणि त्याआधी या खटल्याला एकच तारीख मिळत होती, ज्ञानूच्या उलटतपासाची. ती हुकली की नवे साहेब, आणि पुन्हा पहिल्यापासून तारखांचा खेळ. कोर्टाबाहेर राजाबाई उत्कर्षांना म्हणाल्या, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्या टायमाला न्हाय झालं तर मी सही दिऊन मोकळी हुते. घे म्हनते ज्ञानूला जागा. मेंढरं दुसऱ्याच्या जिवावर टाकून किती येऊ मी?"

उत्कर्षा माझ्याकडे बघत होत्या. मी जमिनीवरच्या वायरीकडे बघत होते.

आता माझी अडचण सांगते. श्रावण लागलेला होता आणि मी अयाचित धरलेलं होतं. अयाचित म्हणजे कुणाकडे काही मागायचं नाही. न मागता येईल ते घ्यायचं आणि आलेलं नाकारायचं नाही. जेवताना "मीठ वाढा" एवढंसुद्धा म्हणायचं नाही. दर श्रावणात मी हे करते आणि त्याचा त्रास एकट्या ह्यांना होतो. ह्यांचं नाव मी घेत नाही, पण रोजच्या जपात निम्मं येतंच. शिवानंद. श्रावणात स्वयंपाक मी करते आणि वाढतात ते. वाढता वाढता बातम्या लावतात. मग मी अर्धी भाकरी संपवून शेंगाचटणीच्या बरणीकडे बघत बसते. बघणं म्हणजे मागणं नव्हे, असा निकाल मी फार पूर्वीच दिलेला आहे. त्यावर अपील नाही.

साक्षीदाराला "पुन्हा सांगा" म्हणणं हे कर्तव्य, ते मी व्रतात धरत नाही. पण वायरलेस? ते कुणाकडे तरी मागावं लागणार. दुकानदाराला दाखवा म्हणायचं, जाणत्याला समजावून सांगा म्हणायचं, नाझरांना मंजूर करा म्हणायचं. मी दोन दिवस विचार केला आणि संध्याकाळी घरी येऊन एक उसासा टाकला. उसासाही मागण्यात धरत नाहीत.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. वायरलेस."

एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलेल्या ह्यांनी ते आमच्या अख्ख्या जुळे सोलापूर भागाला सांगितलं असावं. कारण मी पूजा आटपून उठते तोच दारात जोतीराम काका. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या हातात तारेचं हे एवढं वेटोळं.

"वैजयंती, वायरलेसच्या नादाला लागू नकोस. वाऱ्यावर सोडलेला शब्द कुणाच्या घरात शिरेल याचा काही भरवसा आहे का? वायर कशी, ह्या टोकाला बोललं की त्याच टोकाला निघतं. ही घे. खात्याची आहे, अस्सल तांबं."

वायरलेस निवडायच्या कामात मला मिळालेली पहिली वस्तू म्हणजे वायर. पण न मागता आलेली. नाकारता येईना. मी दोन्ही हातांनी घेतली आणि देवघराच्या खाली ठेवली.

त्यानंतर खालच्या मजल्यावरचा अभिमन्यू आला. गणपती मंडळाचा कार्यकर्ता. त्यानं मंडळाचा बिनवायरीचा माइक आणि गुडघ्याएवढा स्पीकर आणून हॉलमध्ये ठेवला. "वहिनी, पडदाबिडदा राहू द्या. मूळ दुखणं तुमच्या आवाजाचं हाय. ह्यो माइक घ्या, पार पार्क चौकापर्यंत ऐकू जातंय बघा."

मला जरा लागलं. पण लागणं हेही न मागता आलेलंच.

मी तो माइक कोर्टात नेला. बहिऱ्या बाईला स्पीकरचा काय उपयोग, हा प्रश्न मला पडला होता. पण आलेलं नाकारायचं नाही म्हणजे वापरूनही बघायला नको का? एका चोरीच्या खटल्यात जबाब वाचायला मी तो तोंडापाशी धरला. माझा आवाज आलाच नाही. त्याऐवजी शेजारच्या सभागृहात रक्तदान शिबिर चाललं होतं, तिथला माणूस आमच्या स्पीकरमधून बोलायला लागला. "घाबरू नका. हात सैल सोडा. थोडं टोचेल. पुढचे कोण आहेत त्यांनी तयार राहा." पिंजऱ्यातल्या आरोपीनं आपल्या दोन्ही बाह्या खाली ओढल्या. साहेबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी माइक टेबलाखाली ठेवला. तिथूनही तो बराच वेळ लोकांना बिस्किटं खाऊन जायला सांगत होता.

मग अभिमन्यूची बायको ऋतुजा आली. ती म्हणाली, "वहिनी, ह्यांचं काय ऐकता? मोबाइलमध्ये बोलायचं, तो आपोआप लिहितो. बोला बघू काहीतरी." मी संपूर्ण शिवस्तुती म्हटली. पडदा कोरा.

"वहिनी, बोला ना!"

"झालं की म्हणून."

ऋतुजानं फोन उलटासुलटा करून पाहिला, स्वतः "हॅलो" म्हटलं, तर तो "हॅलो" लगेच उमटला. ती माझ्याकडे जरा भीतीनं बघायला लागली. मला मात्र वाटलं, देवाला ऐकू येतं ते यंत्राला येत नाही, यात कमीपणा यंत्राचा.

शेवटी मी नाझरांकडे गेले. कोर्टाची सगळी खरेदी, खुर्चीपासून टाचणीपर्यंत, नाझरांच्या हातात. आमचे नाझर सिद्धप्पा अण्णा अक्कलकोटकडचे. घरी कानडी, कोर्टात मराठी आणि रागात दोन्ही.

"तीन कोटेशन लागतंय ओ बाई," ते म्हणाले. "तीन दुकानदारांना पत्र काढा. मी सही करतो."

मी पत्र लिहायला बसले आणि अडले. दरपत्रक मागवण्याच्या पत्रात दर दुसऱ्या ओळीला विनंती असते. दर कळवावेत ही विनंती. त्वरित कळवावेत ही नम्र विनंती. मागणीपत्रच ते! बराच वेळ घोळून मी असं पत्र तयार केलं: "महोदय, आमच्या न्यायालयात टाइप केलेला मजकूर वायरीशिवाय भिंतीवरच्या पडद्यावर दिसावा असा विचार चालू आहे. आपण या व्यवसायात आहात, हे आम्हाला माहीत आहे. कळावे."

सिद्धप्पा अण्णांनी ते चष्मा वर करून वाचलं, खाली करून वाचलं. "अय्यो शिवा! हे काय पत्र आहे ओ? हे तर भिंतीवर लिहून सोडल्यासारखं वाटतंय. विनंती कुठाय ह्यात?"

"विनंती नाहीये, अण्णा."

"का नाही?"

"श्रावण आहे."

अण्णा शिवभक्त माणूस. त्यांनी पुढे एक अक्षर न विचारता सही ठोकली. पत्रं गेली. एका दुकानदारानं भिंतीवरचं घड्याळ भेट पाठवलं. दुसऱ्यानं चोर पकडायच्या कॅमेऱ्यांचं माहितीपत्रक पाठवलं. तिसरा स्वतः आला, म्हणाला, "पत्र मिळालं. तुम्हाला आमच्याबद्दल माहीत आहे ते वाचून आनंद झाला," आणि चहा पिऊन गेला.

तारीख जवळ येत चालली. घरी देवघराखाली वायर, हॉलमध्ये माइक आणि स्पीकर. ह्यांना सोफ्यावर बसायला जागा नाही. एका संध्याकाळी वाढता वाढता ते म्हणाले, "अगं, कुणाला तरी सरळ विचार ना. देव काय म्हणणार आहे?" मी चटणीच्या बरणीकडे बघत राहिले. मनात राजाबाईंचा तो गार झालेला चहा होता. त्यांनाही नको म्हणता आलं नाही आणि मलाही मागता येत नव्हतं. दोघी मिळून एक धड बाई होत होतो.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी घड्याळाची नोंद करायला रजिस्टर हवं म्हणून आपलं जुनं लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यातून लाल कापडात बांधलेल्या दप्तरांचा ढीग घसरला आणि त्यामागून एक पांढरं खोकं माझ्या पायाशी पडलं. खोक्यावर चित्र: एका बाजूला कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला टीव्ही, मधे वायर नाहीच, नुसत्या लाटा.

"हे काय आहे?" असं मी विचारलं नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"ते होय? तुरुंगातले आरोपी इथं कोर्टात दाखवायला दोन टीव्ही आले नव्हते का, एक तुमच्या हॉलला, एक पलीकडच्या हॉलला? त्यासंगट आलंय. कॉम्प्युटरला जोडायचं म्हणं."

"म्हणजे एवढे दिवस इथंच होतं!"

"कुणी मागितलंच नाही की ओ!" अण्णा म्हणाले.

मी खोकं कपाळाला लावलं. न मागता मिळालं होतं. माझं व्रत फळलं, असं मला वाटलं. माझ्या आनंदात जरा अहंकारही होता, तो पुढे उतरला.

कोर्ट सुटल्यावर मी आतला कागद चित्रांसकट वाचला, ते बोटाएवढं यंत्र कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर टीव्हीचं नाव आलं, मी त्यावर बोट ठेवलं आणि समोरच्या भिंतीवर माझी अक्षरं उमटली. ती साहेबांच्या खुर्चीतूनही दिसत होती, म्हणजे जमिनीवरच्या वायरीची गरज संपली. मी लिहिलं, "साक्षीदार हजर." भिंत म्हणाली, "साक्षीदार हजर." मी एवढ्या मोठ्यानं आयुष्यात कधी बोलले नव्हते.

तारखेच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सगळं जोडून ठेवलं. सुट्टीनंतर पहिलाच खटला राजाबाईंचा. त्या समोर पिशवी मांडीवर घेऊन येऊन बसलेल्या, शेजारी उत्कर्षा, मागच्या बाकावर ज्ञानू. या वेळी मात्र कॉम्प्युटरवर टीव्हीचं नाव एकाखाली एक दोनदा दिसलं. दोन्ही अगदी सारखी. नाव दोनदा का, हे कुणाला तरी विचारायला हवं होतं. मी वरचं निवडलं. समोरचा टीव्ही काळाच. मला वाटलं, जागा व्हायला वेळ लागत असेल, माणसांनाही जेवणानंतर लागतो.

आणि माझी जपाची वेळ झाली होती. रोज जेवणाच्या सुट्टीत मी लिखित जप करते. पूर्वी वहीत करायचे, मनगट धरायला लागल्यापासून कॉम्प्युटरवर टाइप करते. मठातल्या स्वामींना मी तेव्हा विचारलं होतं. ते म्हणाले, देव अक्षर बघतो, शाई नाही. तर टीव्ही जागा होईपर्यंत मी जप सुरू केला. ॐ नमः शिवाय. ॐ नमः शिवाय. ॐ नमः शिवाय.

पलीकडच्या हॉलचे साहेब जेवणाच्या सुट्टीतही काम चालवतात. तिथं एक मारामारीचा खटला चालू होता आणि एका साक्षीदाराला नुकतीच शपथ दिली होती. देवाशपथ खरं सांगेन, असं म्हणून त्यानं मान वर केली, तर समोरच्या भिंतीवर, कुणी हातही न लावता, एकेक अक्षर उमटायला लागलं. ॐ. नमः. शिवाय. पुन्हा. पुन्हा. अख्खी भिंत भरली.

साक्षीदारानं हात जोडले. "साहेब," तो म्हणाला, "मी तिथं नव्हतोच. मला काय बी म्हाईत न्हाय. मला घरनं उचलून आणलंय."

ज्या वकिलानं आणलं होतं तो खाली बसला. मागं बसलेल्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले. कुणीतरी चपला बाहेर काढून ठेवल्या म्हणे. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की आमचे साहेब येऊन बसतात न बसतात तोच पलीकडचा पट्टेवाला धावत आला. "साहेबांनी इचारलंय, देव कुणाच्या कॉम्प्युटरवरनं येतोय?"

सगळे माझ्याकडे वळले. माझी बोटं अजून "शि"वरच होती.

आमच्या साहेबांचा चेहरा, वायरीवरून पडले तेव्हाही झाला नव्हता, तसा झाला. "बाई, बंद करा ते. आधी तो माइक, आता हे. नको मला वायरलेस." त्यांनी समोरची फाइल मिटली. "राजाबाईंच्या प्रकरणात पुढची तारीख द्या." मग राजाबाईंकडे बघून, समजुतीच्या सुरात, "आजी, पुढच्या तारखेला या. चालेल ना?"

राजाबाईंनी गोड हसून मान डोलवली.

उत्कर्षा "साहेब, पण" म्हणेपर्यंत साहेबांनी दुसरी फाइल ओढली होती. उत्कर्षांनी एका कागदावर दोन शब्द लिहून राजाबाईंपुढे धरले. राजाबाईंनी बोट फिरवत ते वाचले. हसू गेलं. त्यांनी पिशवीचे बंद हातात गुंडाळले, उठल्या आणि मागं वळून ज्ञानूला हात केला. नुसता ये म्हणून नाही. चल, कुठं सही करायची ती सांग, असा.

ज्ञानू उठला.

मला पुढचं नीट आठवत नाही. मी उभी राहिले एवढं खरं. आणि कोणीतरी ओरडलं, "साहेब, मला वेळ द्या! थोडाच वेळ द्या! मी मागतेय!"

दारातल्या पट्टेवाल्याचं तोंड उघडं राहिलं, त्याचं नेहमीचं वाक्य त्याच्या तोंडात अडकलं होतं. साहेब मागे सरकले. आणि दारापर्यंत पोचलेल्या राजाबाई थांबल्या, वळल्या आणि आवाज कुठून आला ते शोधायला लागल्या.

ओरडणारी बाई मीच होते.

"घ्या," साहेब म्हणाले. "पण बाई, पुन्हा एवढं मोठ्यानं नको."

एकदा मागायला तोंड उघडलं, मग मिटेचना. मी पलीकडच्या पट्टेवाल्याला विचारलं, "तुमच्या टीव्हीचं नाव काय?" त्याला माहीत नव्हतं. मी पलीकडच्या हॉलमध्ये गेले, तिथल्या साहेबांची माफी मागितली, तिथल्या लघुलेखकाला विचारलं. दोन्ही टीव्ही एकाच खेपेला आलेले, एकाच नावाचे. मी पहिल्यांदा जोडलं त्या संध्याकाळी त्यांचा बंद होता म्हणून माझ्याकडे एकच नाव दिसलं होतं. "थोडा वेळ तुमचा टीव्ही बंद ठेवाल का?" मी मागितलं. तिथले साहेब हसत म्हणाले, "ठेवतो. आमचा साक्षीदार तसाही खरं बोलून गेला." बस्स. एका प्रश्नाचं काम होतं. त्यासाठी मी वायर, माइक, घड्याळ आणि श्रावणाचे इतके दिवस खर्ची घातले होते.

परत आले तेव्हा कॉम्प्युटरवर एकच नाव होतं. बोट ठेवलं. भिंत जागी झाली.

राजाबाईंना उत्कर्षांनी पुन्हा पुढच्या बाकावर बसवलं होतं. ज्ञानू पिंजऱ्यात उभा राहिला. उत्कर्षांनी विचारलं, "दस्त वाचून दाखवला तेव्हा काकू कुठं होत्या?"

"हितं, माज्या बाजूला की. सगळा वाचून दाखवला. तिनं मान डोलावली."

साहेबांनी वाक्य सांगितलं, मी टाइप केलं, आणि ते भिंतीवर उमटलं: मी काकूला दस्त वाचून दाखवला. तिने मान डोलावली.

राजाबाईंचं बोट हवेत अक्षराखालून चाललं होतं. बोट शेवटच्या शब्दाशी थांबलं आणि त्या ताडकन उठल्या. "व्हय, डोलावली आसंल की! मी समद्यालाच डोलावते! आयकू येत न्हाय तर मानूस काय करंल? मगाशी ह्यो साहेब काय म्हनला, त्ये तरी मला कुटं कळलं? तरी डोलावलीच की!"

साहेबांनी राजाबाईंना खाली बसायची खूण केली. मग पेन खाली ठेवून ते स्वतःशीच म्हणाले, "मी विचारलं खरं. चालेल ना, म्हणून."

उत्कर्षांनी पुढचा प्रश्न सावकाश विचारला. "ज्ञानू, काकू कुणी काहीही बोललं तरी मान डोलवतात, हे खरं आहे ना?"

ज्ञानू तसा वाईट नव्हता, नुसता हुशार होता, आणि एवढ्या लोकांपुढं भिंतीवर आपलं वाक्य उमटताना बघून त्याची हुशारी ढिली पडली होती. त्यानं काकूकडे पाहिलं. "व्हय," तो म्हणाला. "तिला सवयच हाय. घरात समद्यास्नी म्हाईत हाय."

"घ्या बाई," साहेब मला म्हणाले. "हे म्हणणे खरे आहे की..."

मी टाइप केलं. भिंतीवर ते उमटलं. राजाबाईंनी ते वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, मला वाटतं, समजून उमजून मान डोलवली.

उलटतपास त्याच दिवशी पुरा झाला. निकाल लागायचा आहे. राजाबाईंची स्वतःची साक्ष बाकी आहे. पण साहेबांनी आपल्या हातानं फाइलवर लिहून ठेवलं, की पुढच्या प्रत्येक तारखेला वादीला मजकूर पडद्यावर दिसेल अशी सोय करावी. नवे साहेब आले तरी ते पुसलं जात नाही.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, व्रत मोडलं. ते म्हणाले, "स्वतःसाठी मागितलंस का?" मी म्हटलं, "नाही." "मग मोडलं नाही." मला तो निकाल पटला नाही. माझ्यापेक्षा वरच्या कोर्टात, म्हणजे मठात, मी अपील नेलं आहे. तोवर मी चटणीच्या बरणीकडे बघते आणि ह्यांनी आता बातम्या बंद ठेवून वाढायला सुरुवात केली आहे. न मागता.

पण राजाबाईंचं सांगायचं राहिलं. कोर्ट सुटल्यावर मी ते यंत्र काढायला वाकले होते, तर त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर पिशवी, एस.टी.ची घाई.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज लई मोटा हाय."

दारातल्या पट्टेवाल्यानं ते ऐकलं. मला त्या क्षणी श्रावणाचं दुसरं कुठलंही फळ नको होतं, तेवढं पुरलं.

"मावशी," मी माझ्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "पुढच्या तारखेला याल ना?"

त्यांनी गोड हसून मान डोलवली.

ती मान मला आता माहीत होती. मी यंत्र पुन्हा लावलं आणि तोच प्रश्न टाइप केला. त्या भिंतीकडे वळल्या. बोट अक्षराखालून चाललं, शेवटच्या शब्दाशी थांबलं.

"येते की," राजाबाई म्हणाल्या.